पाचोऱ्याचे इंग्रजी व्याकरण

पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी इंग्रजी हा विशेष विषय घेऊन बी. ए. करणारा विद्यार्थी शाळेतून एक पक्की शिदोरी घेऊन आलेला असतो : इंग्रजीत काळ बारा. नेसफील्डच्या व्याकरणावर आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेल्या पिढ्यांनी ही शिदोरी पुढच्या पिढ्यांच्या हवाली केली. महाविद्यालयात मात्र त्याला सांगितले जाते की, क्रियापदाच्या रूपावरून ओळखू येणारे काळ इंग्रजीत दोनच आहेत. मराठीतल्या ‘जाईल’सारखे भविष्यकाळाचे स्वतंत्र रूप त्या भाषेत नाही. ‘विल’ हे साहाय्यक क्रियापद असून ते अंदाज, निश्चय, तयारी असे अनेक अर्थ दाखविते. विद्यार्थी हे वहीत उतरवून घेतो, परीक्षेत लिहून मोकळा होतो, आणि पुढे शिकवणीला येणाऱ्या आठवीच्या मुलांकडून पुन्हा बारा काळच घोकून घेतो. दोन विधानांत विरोध आहे, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

याचा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. वर्णनात्मक व्याकरण ही मुळात पाहण्याची एक रीत आहे. रँडॉल्फ क्वर्क यांनी १९५९ मध्ये इंग्रजीच्या प्रत्यक्ष वापराचे सर्वेक्षण आरंभिले. सुशिक्षित लोक जे बोलतात आणि लिहितात, त्याचे नमुने गोळा केले. क्वर्क व त्यांचे सहकारी यांचे १९७२ चे बृहद् व्याकरण, पुढच्याच वर्षी निघालेली त्याची विद्यापीठीय आवृत्ती आणि १९८५ चा विस्तृत ग्रंथ या परंपरेतून आले. आपल्या वर्गांत या ग्रंथांतला निष्कर्ष तेवढा पोहोचतो. तो काढण्याची प्रक्रिया वाटेतच गळते. वाक्याचे सात साचे पाठ होतात, पण रोजच्या वर्तमानपत्रातले एखादे वाक्य कोणत्या साच्यात बसते, हे कोणी पाहत नाही. नियम सांगणारे व्याकरण गेले आणि त्याच्या जागी वर्णन घोकविणारे व्याकरण आले, एवढाच काय तो पालट. पूर्वेकडचे असे म्हणतात, उत्तरेकडचे तसे, ही नोंद आपल्या सूत्रांत आवर्जून करणाऱ्या पाणिनीच्या देशात हे घडावे, हा दैवदुर्विलासच.

वास्तविक या अभ्यासासाठी खानदेशाइतकी अनुकूल भूमी शोधून सापडणार नाही. येथील कितीतरी मुले घरी अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी आणि बाजारात हिंदी बोलतात. अहिराणीत ‘तो शेतमा जास’ आणि ‘तो शेतमा जाई राहिना’ ही दोन वाक्ये भिन्न आहेत. पहिल्यात नित्याचा क्रम, दुसऱ्यात चालू असलेली क्रिया. इंग्रजीच्या साध्या व अपूर्ण वर्तमानकाळातला भेद बहुतांशी हाच आहे. तो घरातूनच मिळालेला असताना मुलाला परक्या व्याख्येतून शिकवावा लागतो. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे नाहीत, हे खरे. पण ‘तो डॉक्टर शोधतो आहे’ आणि ‘तो डॉक्टरला शोधतो आहे’ यांतला फरक पाचोऱ्याच्या स्थानकावरचा हमालही जाणतो. पहिल्या वाक्यात कोणीही डॉक्टर चालेल, दुसऱ्यात ठरावीकच हवा. त्याच स्थानकावर ‘गाडी उद्या दहाला सुटते’ असे सांगणारा माणूस वर्तमानाच्या रूपाने भविष्य बोलतो, आणि इंग्रजही अशा वेळी नेमके तेच करतो. बारा काळांच्या कोष्टकाला पहिला तडा जाण्यास एवढे एक वाक्य पुरे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. ज्या मुलाच्या घरी इंग्रजीचा गंध नाही, त्याला मुलाखतीत टिकणारी शुद्ध इंग्रजी हवी. वर्णनाची चैन त्याला कशी परवडावी? परंतु वर्णनात्मक व्याकरण म्हणजे वाटेल ते चालेल अशी सूट नव्हे. कोणती रचना कोठे रूढ आहे आणि कोठे खपत नाही, हे ते अधिक काटेकोरपणे सांगते. ‘आय ॲम नोइंग’ चूक, एवढे ऐकून मुलगा खाली मान घालतो. ज्ञान, आवड, मालकी अशी स्थिती दाखविणारी क्रियापदे इंग्रजीत सहसा अपूर्ण रूप घेत नाहीत हे कळले, तर अशीच दहा वाक्ये तो स्वतः सुधारू शकतो. शिवाय आपली बोली अशुद्ध नसून तिलाही नियम आहेत, हे कळल्याने त्याची मान ताठ होते, ती गोष्ट वेगळीच. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाने १९०७ च्या खंडात खानदेशीची दखल घेतली; स्थानिक महाविद्यालयाच्या इंग्रजीच्या वर्गात मात्र तिला अजून मज्जाव आहे.

१९९० पर्यंत जळगाव-धुळ्याची महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी जोडलेली होती. अभ्यासक्रम पुण्यात ठरतो, ही सबब तेव्हा थोडीफार चालण्यासारखी होती. त्या वर्षी जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झाले, आणि २०१८ मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. अक्षरओळख नसलेल्या त्या कवयित्रीची भाषा व्याकरणात कोठेही अडखळत नाही. तिच्या नावाच्या विद्यापीठाने व्याकरणाच्या प्रश्नपत्रिकेतील व्याख्यांचे वीस गुण काढून ते विद्यार्थ्याने स्वतः टिपलेल्या पन्नास वाक्यांच्या विश्लेषणाला द्यावेत, त्यांतली निम्मी इंग्रजी आणि निम्मी त्याच्या घरच्या बोलीतली असावीत. याला नवी इमारत लागत नाही की अनुदान लागत नाही. पन्नास वह्या तपासण्याइतका वेळ प्राध्यापकाला मिळावा लागेल, आणि रिकाम्या जागा भरल्याखेरीज तो मिळणार नाही.