१०० ऑक्टेन पेट्रोल भरलं की गाडी खरंच जास्त पळते?

इंडियन ऑइलने २०२० मध्ये आणलेल्या ‘एक्सपी १००’चा दर पाहून अनेकांना वाटतं, महाग म्हणजे ताकदवान. तसं नाही. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधली ऊर्जा नव्हे; दाब आणि उष्णता वाढली तरी आपोआप पेट न घेण्याची क्षमता. टर्बो किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात हा दाब मोठा असतो. तिथे कमी ऑक्टेनचं पेट्रोल गेलं की ‘नॉकिंग’ होतं. सेन्सर ते ओळखतो, ईसीयू ठिणगीची वेळ बदलतो. इंजिन वाचतं, पण लाखो रुपये मोजून घेतलेली ताकद घटते. त्यामुळे टाकीच्या झाकणावर किमान ९५ लिहिलं असेल, तर ९१चं पेट्रोल भरून केलेली बचत फसवी. ९१वर चालणाऱ्या साध्या हॅचबॅकमध्ये १०० भरणं मात्र निव्वळ पैसे जाळणं!