आठशे अंशांचा दाखला

या महिन्यात आलेल्या पत्रांत दुसरा विषयच नाही. अमॉर्फस कोअरचे ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणाऱ्यांची बिले अडकून पडली आहेत, कारण कोअरच्या ॲनीलिंगचे तापमान नमुन्यात छापलेल्या तापमानाशी जुळत नाही. नमुन्यात छापले आहे 780 ते 820 अंश. हा आकडा सीआरजीओचा, म्हणजे ग्रेनची दिशा ठरवलेल्या सिलिकॉन पोलादाचा. नमुनाही सीआरजीओचाच, वरचे शीर्षक तेवढे बदललेले.

अशी परत आलेली एक फाईल देवरूखला आमच्या टेबलावर आहे. कोअर बदलला आणि भट्टीचा आलेख जोडला: 345 अंश, दोन तास, नायट्रोजनमध्ये, चुंबकीय क्षेत्र लावून. कामात एकही चूक नाही. त्या 345 भोवती लाल वर्तुळ आणि बाजूला शेरा, 'तापमान अपुरे, पुन्हा ॲनीलिंग करून दाखला सादर करावा.' खाली जाडीचा रकाना, त्यात 0.23 किंवा 0.27 मिलिमीटर यांवर खूण करायची. आपल्या सभासदाने हाताने 0.025 लिहिले, तर 'खाडाखोड' म्हणून दुसरा शेरा. पुढे ग्रेनच्या दिशेचा रकाना. ज्या अमॉर्फस धातूत ग्रेनच नाही त्याच्या ग्रेनची दिशा काय लिहायची, हे विचारायला तो तीनदा कार्यालयात जाऊन आला. तिन्ही वेळा साहेब दौऱ्यावर.

लोह 78, सिलिकॉन 9, बोरॉन 13 अणुटक्के ही अमॉर्फस कोअरची आपली नेहमीची रिबन. पाचशेच्या थोडे पुढे गेली की तिचे स्फटिक बनू लागतात. आधी लोह-सिलिकॉनचे दाणे, मग लोह बोराइड. बोराइड आले की कोअर्सिव्हिटी हाताबाहेर जाते, नो-लोड लॉस चढतो, आणि ती रिबन पुन्हा वितळवून सेकंदाला दहा लाख अंशांच्या वेगाने थंड केल्याशिवाय मागे फिरता येत नाही. आठशे अंशांच्या भट्टीतून भंगार बाहेर येईल. आणि पाचशेपर्यंत सगळे बिनघोर असेही समजू नका. साडेचारशेला तासन्‌तास ठेवले तरी पृष्ठभागापासून सुरुवात होते. म्हणून आपण साडेतीनशेच्या आसपास थांबतो. ताण निघतो आणि रिबन अमॉर्फसच राहते.

हे तापमानही सगळ्या रिबनना सारखे नाही. बोरॉनच्या जोडीला सिलिकॉन आले म्हणून उष्णता सोसण्याची ताकद वाढली. नुसत्या लोह-बोरॉनची रिबन त्याआधीच हार मानते. लोहाचे प्रमाण वाढवले की सॅच्युरेशन 1.56 टेस्लावरून 1.63 च्या आसपास जाते, पण मग ॲनीलिंगचे तापमान खाली आणावे लागते. उलट सिलिकॉन-बोरॉनचे प्रमाण बदलून त्यात 1 टक्का तांबे, 3 टक्के नायोबियम घातले आणि 550 अंशांना मुद्दाम स्फटिक होऊ दिले, तर 10 ते 15 नॅनोमीटरचे दाणे मिळतात आणि चुंबकीय गुण सुधारतात. तांब्यामुळे दाणे जागोजागी धरतात, नायोबियम त्यांना वाढू देत नाही. 1988 साली जपानमध्ये पुढे आलेले फाइनमेट ते हेच. तीच तीन मुख्य द्रव्ये, एका ठिकाणी स्फटिक म्हणजे नाश, दुसऱ्या ठिकाणी तेच ध्येय. तेव्हा नमुन्यात पहिला रकाना रचनेचा हवा, दुसरा स्फटिकीभवनाच्या तापमानाचा. ॲनीलिंगचे त्यानंतर विचारा.

कोकणात कोअरच्या लॉसचा हा प्रश्न फार जवळून भिडतो. संगमेश्वर तालुक्यातल्या कितीतरी वाड्यांवर घरे वर्षभर कुलूपबंद असतात. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी आले की डीपीवर, म्हणजे वाडीच्या ट्रान्सफॉर्मरवर, भार येतो. उरलेले दिवस ती जवळजवळ रिकामी चालते. तेव्हा कॉइलचा लॉस नगण्य, कोअरचा मात्र रात्रंदिवस चालू. एका डीपीमागे 100 वॅट वाचले तर वर्षाचे 876 युनिट होतात. आयएस 1180 मध्ये एकूण लॉस बघतात तो 50 आणि 100 टक्के भारावर. 100 केव्हीएला दुसऱ्या स्तरासाठी 475 आणि 1650 वॅट. आमच्या वाडीवरची डीपी बहुतेक तास त्या पन्नास टक्क्यांच्या खूप खाली असते. नो-लोड लॉस वेगळा मोजून फाईलवर लिहिला जावा, हे आम्ही म्हणूनच पुन्हा पुन्हा मागतो.

आता आपल्याच लोकांविषयी. दोन पत्रांत सरळ कबुली आहे की बिल सुटावे म्हणून 345 चे 810 केले. बिल सुटले. आता तोच दाखला पुढे करून इतरांना विचारले जाते, त्यांना जमते, तुम्हाला का नाही? ज्याने प्रामाणिकपणे काम केले त्याच्या गळ्याला हा फास तुम्ही लावलात. रिबन घेताना रचना आणि हीट नंबर न मागणारेही पुष्कळ आहेत. एवढ्या मोठ्या भट्टीला एकच थर्मोकपल, तेही दाराजवळ. मग कोअरच्या आतल्या थरांत किती अंश होते ते कोण सांगणार? काही जण तर सीआरजीओसारखे क्लॅम्प आवळून ॲनील झालेली ठिसूळ रिबन तोडतात आणि ऑइलमध्ये तुकडे सापडले की दोष मालाला देतात. हे बंद झाले पाहिजे.

ज्यांची फाईल परत आली आहे त्यांनी कोअर पुन्हा भट्टीत घालू नये. पुरवठादाराकडून रचनेचा दाखला आणि स्फटिकीभवनाचे तापमान दाखवणारा डीएससीचा आलेख मागून घ्या. भट्टीच्या नोंदी कोअरच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन थर्मोकपलच्या जोडा. दुरुस्तीनंतरचा नो-लोड लॉस लिहा आणि शेऱ्याला लेखी उत्तर द्या. मसुदा शेवटच्या पानावर छापला आहे. शेऱ्यासह फाईलची एक प्रत पंधरा तारखेच्या आत देवरूखला पाठवा. सगळ्या एकत्र बांधून आम्ही स्वतः त्या कार्यालयात घेऊन जाणार आहोत, आणि सोबत आठशे अंशांना तापवलेल्या रिबनची एक पुडी. बोटांत धरली की तिचा चुरा होतो.