तो लाडात आलेला नसतो

बॉल पायथनला हे नाव कसं पडलं, ते त्याच्या रील्स बघणाऱ्या किती जणांना माहीत असेल? हा अजगर घाबरला की अंगाचा चेंडू करतो आणि डोकं आत मधोमध लपवतो. म्हणजे ज्या 'क्यूट' गोळ्याला आपण धडाधड बदाम टाकतो, तो बऱ्याचदा भ्यायलेला प्राणी असतो. त्याच्या भीतीवरूनच त्याचं बारसं झालंय, आणि आपण म्हणतो, किती शांत आहे ना!

मळवली स्टेशनवरून लोकल पकडून पुण्याला कॉलेजला येणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये हल्ली हा विषय बाइकइतकाच निघतो. कुणाच्या तरी मित्राच्या मित्राकडे 'बॉल' आहे, कुणाला घ्यायचाय. गंमत म्हणजे यातले निम्मे भाजे-पाटणचे. सापांच्या गावचीच पोरं! लोहगड-विसापूरच्या या पायथ्याला भातखाचरात पाणदिवड, बांधावर धामण, करवंदाच्या जाळीत हिरवागार चापडा, आणि उंदरांच्या मागे घरापर्यंत येणारे नाग-घोणसही. पावसाचं पाणी बिळात शिरलं की ते बाहेर पडतात, एवढं इथल्या लहान पोरालाही कळतं. तरी साप 'कळतो' असं आपण म्हणू शकतो का? मला शंका आहे.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. आपल्याकडचा कुठलाही रानातला साप घरी ठेवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून नाग, घोणस, धामण हे अजगरासारखेच पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यासाठीची शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार दंड. 'दोन दिवस ठेवतो, फोटो काढतो, सोडतो' याला कायद्यात वेगळा रकाना नाही. बॉल पायथन आफ्रिकेतला, पण तो आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत येतो. त्यामुळे २०२४ च्या नियमांनुसार त्याची परिवेश पोर्टलवर नोंदणी हवी. विकणारा 'पेपर्स नंतर देतो' म्हणाला, तर तिथूनच मागे फिरा.

आता समजा, कागद व्यवस्थित आहेत आणि साप आधीच घरात आहे. मग खरा प्रश्न सुरू होतो. तो दिवसभर काय करतो?

विकणारा सांगतो, काही नाही, पडून असतो, मेंटेनन्स झीरो. या एका वाक्याने जगभरच्या सापांचं आयुष्य प्लॅस्टिकच्या खोक्यात घातलंय. साप कुत्र्यासारखा कण्हत नाही, मांजरासारखा भांडं पाडत नाही. त्याचा चेहरा बदलत नाही, म्हणून त्याला काही वाटतच नाही असं आपण धरून चालतो. पण १९९९ साली अमेरिकेत डेव्हिड होल्ट्झमन आणि सहकाऱ्यांनी कॉर्न स्नेकवर एक प्रयोग केला. मोठ्या टबात आठ भोकं, त्यातलं एकच उघडं. साप काही दिवसांत ते लक्षात ठेवायला शिकले. २००६ मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या गॉर्डन बर्गहार्ट यांनी सहकाऱ्यासोबत प्रसिद्ध केलेलं काम तर थेट आपल्या विषयावरचं. काही रॅट स्नेक, म्हणजे आपल्या धामणीसारखे बिनविषारी साप, मोकळ्या साध्या पेटीत वाढवले. काहींना चढायला, लपायला, हुंगायला गोष्टी दिल्या. दुसऱ्या गटातले साप नव्या जागेला लवकर सरावले. 'एनरिचमेंट' म्हणतात ते हेच. शोभेची वेल आणि कवटी ठेवून टाकी सजवणं नव्हे.

सापाचं जग वासाचं, उबेचं आणि हादऱ्याचं आहे. जीभ आतबाहेर करतो तेव्हा तो चिडवत नसतो. हवेतले कण टाळूतल्या जेकबसन अवयवाकडे नेत असतो. त्यामुळे त्याच्यासाठी सगळ्यात स्वस्त 'करमणूक' म्हणजे नवा वास. वाळलेली पानं, झाडाची साल, वेगळ्या मातीचा थर. (पानं कीटकनाशक मारलेल्या बागेतली नकोत.) खाद्य नेहमी त्याच कोपऱ्यात न ठेवता उंदराचा वास लावत दुसरीकडे न्या, शोधू दे त्याला. उंदीर मात्र मेलेलाच द्या. जिवंत उंदीर बंद पेटीत सापालाच कुरतडतो.

लपायला जागा एक नाही, किमान दोन. एक उबदार बाजूला, एक थंड. एकच दिली तर सापाला ऊब की सुरक्षितता यातलं एक निवडावं लागतं. उबदार टोक ३१-३३ अंश, दुसरं २५-२७. आपल्याकडे आषाढात चार दिवस लाइट नसते आणि घरातल्या भिंतींना ओल येते, तेव्हा हे कसं राखणार, याचा विचार साप आणायच्या आधी व्हायला हवा. पेटी अशी हवी की त्यात तो पूर्ण लांब होऊ शकेल. फांदीही हवी. 'बॉल पायथन जमिनीवरचा, त्याला चढायला लागत नाही' हे ऐकलं असेल. नायजेरियात अभ्यास झाला तेव्हा नर झाडावर चढणारे आणि पक्षी खाणारे निघाले.

काचेवर सतत नाक घासतोय, तर तो तुम्हाला ओळखून बाहेर यायचं म्हणत नाही. त्याला तिथून निघायचंय. मानेचा 'एस' करून मागे सरकला, तर हात काढा. डोळे दुधाळ झाले, तर कात येतेय, चार दिवस हात लावू नका. जेवल्यावर दोन दिवस तरी नकोच. आणि दिवसभर लपून राहिला तर काळजी नको. तो रात्रीचा प्राणी आहे, तुमच्यासारखाच.

पुण्याला हे सगळं नवीन नाही. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास काढले. डिवचलं नाही तर साप चावत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. पुढे १९८६ मध्ये त्यांच्याच पुढाकारातून कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. माझ्या मते त्या ७२ तासांतली मोठी गोष्ट धाडस नव्हतीच. सापांच्या मधे गप्प बसून राहणं ही होती. आजची रील नेमकं उलटं करते. पकडलेला नाग डिवचून फणा काढायला लावायचा, मग त्याला बरणीत भरून दोन कॉलेजांत 'जनजागृती' करायची. घरात साप निघाला तर वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. आणि येणाऱ्या सर्पमित्राला 'एक फोटो, दादा' म्हणून थांबवू नका. त्या नागाला जवळच्या रानात लवकर सोडणं हेच त्याचं एनरिचमेंट.

घ्यायचाच असेल त्यांना एक हिशोब. बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं जगतो. आज तुम्ही वीसचे. डिग्री, पीजीची मावशी, बंगळूरचा जॉब, लग्न, सासूबाई, या सगळ्यांतून ती पेटी सोबत न्यायची आहे. नाही जमलं म्हणून विसापूरच्या रानात सोडून येणं हा पर्याय नाही. पावसाळ्यात तो तिथे गारठून मरेल, आणि जगलाच तर परदेशी रोग आपल्या धामणींना देईल. आणायच्या आधी घरच्यांना विचारा, आपण नसताना याला कोण बघणार. आणि उत्तर येईपर्यंत विकणाऱ्याला अॅडव्हान्स देऊ नका.