हिमशिक्षण ही विकण्याची वस्तू नव्हे

दरवर्षी डिसेंबर उजाडला की उत्तराखंडातील केदारकांठाच्या वाटेवर तरुणांची रीघ लागते. सुमारे साडेबारा हजार फुटांच्या या शिखराकडे निघालेल्या नवख्याच्या बुटांवर भाड्याचे मायक्रोस्पाइक्स चढवले जातात. वाटाड्या पुढे चालतो, हा त्याच्या पावलावर पाऊल टाकतो आणि शिखरावर छायाचित्र काढून चार-सहा दिवसांत परततो. त्याच्या आनंदाबद्दल माझी तक्रार नाही. या व्यवहाराला ‘हिवाळी गिर्यारोहण शिकणे’ असे नाव दिले जाते, त्याबद्दल आहे. या तरुणाला बर्फावर नेऊन आणले गेले. त्याला बर्फ शिकवला गेला नाही. नेणे आणि शिकवणे यांतील हा भेद बाजाराने पद्धतशीरपणे पुसून टाकला आहे. आणि तो पुन्हा ठळक करण्याचे काम ज्यांनी करावे, ते चळवळीतील अनेकजण ‘हा श्रीमंतांचा छंद’ म्हणून तिकडे पाठ फिरवून बसले आहेत. या दोन्ही भूमिकांचा समाचार घेणे अगत्याचे आहे.

प्रथम हे शिक्षण म्हणजे काय ते पाहू. त्याचा पहिला धडा चढण्याचा नव्हे, पडण्याचा आहे. खाली सपाट होत जाणारा, धोका नसलेला उतार निवडून शिकाऊ माणसाला मुद्दाम घसरावे लागते: आधी पाय खाली ठेवून, मग पाठीवर, मग डोके खाली करून. प्रत्येक वेळी अंग पालथे करायचे, आइस ॲक्सचे टोक खांद्याजवळ बर्फात रुतवून सगळे वजन त्यावर टाकायचे आणि घसरण थांबवायची. वेग वाढल्यावर हे साधत नाही, म्हणून ते पहिल्या क्षणातच साधले पाहिजे. आणि त्या क्षणी विचाराला सवड नसते, म्हणून ते अंगात मुरले पाहिजे. क्रॅम्पॉन बांधलेले असताना घसरलो तर पाय बर्फापासून वर उचलून धरायचे, नाहीतर काटे अडकून माणूस उलटा फेकला जातो. पुढे क्रॅम्पॉनवर चालणे, धुके आणि बर्फ एकरूप झाले असता होकायंत्र व पावलांची मोजणी यांवर वाट काढणे, घामाने कपडे भिजण्यापूर्वीच एक थर उतरवणे, हे सारे असेच घोटून घोटून शिकावे लागते.

सर्वांत कठीण धडा हिमस्खलनाचा. बहुतेक घातक स्खलने 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सुटतात. गिर्यारोहक व स्कीपटू ज्या स्खलनांत सापडतात त्यांपैकी सुमारे 90 टक्के त्यांच्याच तुकडीतील कोणाच्या तरी वजनाने सुटलेली असतात. गाडल्या गेलेल्याची जगण्याची शक्यता पहिल्या पाव तासातच झपाट्याने ओसरते. बाहेरची मदत तोवर पोहोचत नाही. सोबत्यांनीच संदेशयंत्र, शोधकाठी आणि फावडे यांच्या साह्याने त्याला काढायचे असते. म्हणजे येथे एकट्याचे कौशल्य पुरत नाही. माझा जीव माझ्या सोबत्याला काय येते यावर अवलंबून असतो. सामूहिक ज्ञानाचे याहून रोखठोक उदाहरण मला ठाऊक नाही.

आता अर्थशास्त्राच्या जुन्या शिक्षकाने एक प्रश्न विचारावा. बाजार हे शिक्षण का देत नाही? कारण उघड आहे. ग्राहकाने मालाची पारख करावी आणि निकृष्ट माल नाकारावा, हे बाजाराचे मूळ गृहीतक. परंतु नवखा नेमका याच बाबतीत आंधळा असतो. पारख करता येत असती तर तो नवखा राहिलाच नसता. शिवाय बर्फाचा न्याय विचित्र आहे. धोक्याचा उतार दहापैकी नऊ दिवस सुटत नाही, आणि अडाण्याला वाटते की आपला निर्णय बरोबर होता. येथे अनुभव शिकवतोच असे नाही. कित्येकदा तो फसवतो. अशा स्थितीत विक्रेता कशावर भर देईल? एकाच उतारावर दिवसभर पंचवीस वेळा घसरण्याच्या सरावाला गिऱ्हाईक मिळत नाही, शिखरावरच्या छायाचित्राला मिळते. हवामान बिघडले असता मागे फिरणे हा या विद्येतील सर्वोच्च निर्णय; पण ज्याने शिखराचे पैसे घेतले आहेत त्याला तो सर्वांत महाग पडतो.

‘परंतु ही सगळी चैन आहे,’ असे आमचे काही मित्र म्हणतात. त्यांना इतिहासाची आठवण करून देणे भाग आहे. 1895 साली व्हिएन्नामध्ये शिक्षक गेओर्ग श्मीडल, धातुकामगार आलोइस रोराउअर आणि विद्यार्थी कार्ल रेनर यांनी कामगारांच्या दैनिकातील जाहिरातीच्या आधारे ‘निसर्गमित्र’ संघटना उभी केली. कामगाराला सुट्टी आणि आल्प्सची वाट दोन्ही मिळाली पाहिजेत, ही तिची भूमिका. हाच रेनर पुढे ऑस्ट्रियाचा राष्ट्राध्यक्ष झाला. ही संघटना 1933 साली जर्मनीत आणि 1934 साली ऑस्ट्रियात बंद पाडली गेली. हुकूमशाहीला तिचे महत्त्व आमच्या मित्रांपेक्षा अधिक कळले होते. स्कॉटलंडमध्ये 1930 साली क्लाइडबँकच्या कामगारवस्तीत ‘क्रेग डू’ मंडळ निघाले. त्यातील जॉन कनिंगहॅम हा जहाजगोदीतील कामगार बर्फारोहणात निष्णात झाला आणि ग्लेनमोर लॉज या सार्वजनिक प्रशिक्षणकेंद्रात शिक्षक झाला.

आणि बर्फावर जाणारे सगळे हौशी असतात, हे तरी कोणी सांगितले? 18 एप्रिल 2014 रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात 16 नेपाळी श्रमिक मृत्युमुखी पडले. सरकारने प्रथम प्रत्येक कुटुंबाला 40 हजार नेपाळी रुपये देऊ केले. या खोऱ्यातील फोर्त्से गावी स्थानिकांना भर हिवाळ्यात हिमकौशल्ये शिकवणारी शाळा 2003 साली सुरू झाली, तीही परदेशी धर्मादाय संस्थेच्या पुढाकाराने. पिढ्यान्‌पिढ्या इतरांची ओझी वाहणाऱ्यांना पद्धतशीर शिक्षण मिळायला एवढा काळ लागावा? आपल्याकडे बद्रीनाथजवळ माणा येथे 28 फेब्रुवारी 2025 रोजी सीमा रस्ते संघटनेच्या कामावरील 54 मजूर हिमस्खलनात सापडले. 46 वाचले, 8 दगावले. छावणी कोठे ठोकावी हे मजूर ठरवत नाही. पण वरचा उतार पाहून ‘येथे का?’ असे विचारण्याइतके ज्ञान त्याच्यापाशी असणे, हा त्याचा हक्क आहे. त्याला कोणी ‘श्रीमंतांचा छंद’ म्हणेल काय?

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. सार्वजनिक संस्थांतही माणसे मरतात. 4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीवर द्रौपदी का डांडा-2 शिखरावर हिमस्खलन कोसळले आणि 29 जण गेले. हे झाकून सार्वजनिक शिक्षणाचा कैवार घेणे अप्रामाणिक ठरेल. पण यातून निष्कर्ष कोणता काढायचा? नोव्हेंबर 1971 मध्ये स्कॉटलंडच्या केअर्नगॉर्म पठारावर एडिंबराच्या शाळेतील पाच मुले आणि एक शिकाऊ प्रशिक्षक हिमवादळात दगावली. त्याची जाहीर चौकशी झाली, मुलांना डोंगरात नेणाऱ्यांच्या पात्रतेचा प्रश्न ऐरणीवर आला, उंचावरील निवारे ठेवावेत की काढावेत यावर वर्षानुवर्षे वाद होऊन ते काढले गेले. सार्वजनिक संस्थेला जाब विचारता येतो, आणि तो विचारलाच पाहिजे. खाजगी सहलीतील अपघात मात्र ‘दुर्दैव’ या एका शब्दात मिटवता येतो.

आपल्या देशाने हा मार्ग एकदा निवडला होता. 1954 साली दार्जिलिंगला हिमालयन गिर्यारोहण संस्था निघाली तेव्हा क्षेत्रीय प्रशिक्षणाची सूत्रे तेनझिंग यांच्या हाती दिली गेली. 1935 साली ओझी वाहणारा माणूस शिक्षकांचा प्रमुख झाला. 1965 साली उत्तरकाशीची संस्था निघाली. जवळच्या नाकुरी गावच्या गरीब घरातील बचेंद्री पाल तेथेच शिकल्या आणि 1984 साली एव्हरेस्टवर पोहोचल्या. या संस्थांचे सुमारे महिनाभराचे प्राथमिक वर्ग महाराष्ट्रातील तरुणांनाही खुले आहेत. पण सह्याद्रीच्या कातळावर तयार झालेला आत्मविश्वास बर्फावर कामाचा नाही, आणि महिनाभराची रजा कारकुनाला किंवा कंत्राटी कामगाराला मिळत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. या संस्थांची क्षमता वाढवावी आणि नोकरदारांसाठी आठवड्याभराचे हिवाळी प्राथमिक वर्ग काढावेत. बर्फात काम करणाऱ्या प्रत्येक मजुराला, हमालाला, वाटाड्याला हे शिक्षण कामाच्या वेळात, पगारी मिळावे. हिवाळी सहल विकणाऱ्याने शिकवण्याचे तास किती, शिक्षकाची पात्रता काय आणि एका शिक्षकामागे माणसे किती, हे पैसे घेण्यापूर्वी लेखी सांगावे. प्रत्येक अपघाताचा चौकशी अहवाल प्रसिद्ध व्हावा. आणि सह्याद्रीतील गिरिभ्रमण मंडळांनी हिमस्खलनाची सोपी मराठी पुस्तिका काढून आपल्या सभासदांना निघण्यापूर्वी शिकवावी. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

वाचायला, पोहायला शिकणे ही चैन आहे असे आता कोणी म्हणत नाही. ज्यांना बर्फावर जायचे आहे आणि ज्यांना जावेच लागते, त्या दोघांनाही घसरण थांबवण्याची विद्या ऐपत न पाहता मिळाली पाहिजे. ती मिळवून देणे हे संघटित प्रयत्नांचेच काम आहे, कारण एवढे निश्चित की बाजार ते करणार नाही.