कचेरीचा कागद आणि काफ्काचे पत्र

२० सप्टेंबर १९१२ रोजी फ्रान्त्स काफ्काने फेलिस बाउअर हिला पहिले पत्र लिहिले. प्रागमधल्या ज्या कामगार अपघात विमा संस्थेत तो १९०८ पासून नोकरीस होता, तिच्याच छापील कागदावर, टंकलेखनयंत्रावर. आजच्या परिपत्रकांच्या भाषेत याला 'कार्यालयीन साधनसामग्रीचा गैरवापर' म्हणतात. काफ्काच्या जागी आमच्या महाविद्यालयांतला एखादा लिपिक असता, तर त्याच्या हाती 'कारणे दाखवा' पडली असती. काफ्काचा दाखला देऊन कचेरीतल्या सगळ्या टवाळक्या पवित्र करून घ्याव्यात, असा आमचा मानस नाही. आमचे भांडण 'गैरवापर' या शब्दाशी आहे.

परीक्षा विभागातल्या संगणकावरून प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हवर उतरवून बाहेर नेणे हाही गैरवापर, आणि मधल्या सुट्टीत घरचे वीजबिल भरणे हाही गैरवापरच! पहिल्या कृत्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० आहे. अप्रामाणिकपणे परवानगीविना संगणकातली माहिती उतरवून घेणाऱ्याला कलम ४३ व ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्यासाठी कायदा नाही, म्हणून परिपत्रक. दोन्ही एकाच यादीत घालण्यात एक लबाडी आहे. चोरीचे भय दाखवायचे आणि पाळत मात्र वीजबिलवाल्यावर ठेवायची.

कर्मचारी असे का वागतात? व्यवस्थापनाचे उत्तर तयार असते: आळस. आम्हांला ते पटत नाही. बोटाचा ठसा घेणारे यंत्र देहाची हजेरी मोजते, कामाची नव्हे. तीन वाजता काम संपलेल्या माणसाला साडेपाचपर्यंत पडद्यासमोर बसवले, तर तो पत्ते खेळणार नाही तर काय करील? शिवाय संपूर्ण विभागाला मिळून एकच परवलीचा शब्द, आणि तोही पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला. जे सर्वांचे, त्याची जबाबदारी कोणाचीच नाही.

पण खरे कारण आणखी खोल आहे. काम आणि घर यांच्यातली भिंत कर्मचाऱ्याने पाडलेली नाही. मार्च २०२० नंतर आम्ही शिकवले ते स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या पैशाने भरलेल्या डेटावर. नॅकच्या अहवालातले तक्ते रात्री अकराला घरच्या संगणकावर भरले जातात. प्राचार्यांच्या सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर रविवारीही येतात. खासगी साधनांच्या या कार्यालयीन वापराला 'गैर' हा उपसर्ग अद्याप कोणी लावलेला नाही. संस्था घरात शिरते ती निष्ठा. घर संस्थेत शिरले की शिस्तभंग.

उपाय म्हणून येतात त्या चाळण्या. १९९६ साली एओएलच्या चाळणीने इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या रहिवाशांना खाती उघडू दिली नाहीत, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक अश्लील शब्द दडलेला होता. अक्षरे ओळखणाऱ्या यंत्राला अर्थ कळत नाही, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. अशा चाळणीपुढे अ‍ॅन सेक्स्टन शिकवणाऱ्या इंग्रजी विभागाचे काय होत असेल, कोण जाणे.

चाळणीहून वाईट ती गुप्त पाळत. रोमानियातल्या एका विक्री अभियंत्याला २००७ साली कामावरून काढले गेले, कारण कामासाठी उघडलेल्या याहू मेसेंजरवरून तो भावाशी आणि वाग्दत्त वधूशी बोलला होता. मालकाने त्या संभाषणांच्या प्रतीच काढून ठेवल्या होत्या. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या महापीठाने ५ सप्टेंबर २०१७ रोजी ११ विरुद्ध ६ मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. नियम असणे पुरेसे नाही. पाळत आहे का, किती खोल आहे, हे आधी सांगितले होते का, आणि कमी जाचक मार्ग नव्हता का, हे न्यायालयाने विचारले. त्याच्या काही दिवस आधी, २४ ऑगस्टला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले होते. पुढे २०२३ साली विदासंरक्षणाचा कायदा संमत झाला. त्यात मात्र नोकरीच्या कारणासाठी, मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी, कर्मचाऱ्याची माहिती संमतीविना हाताळण्याची मुभा ठेवली गेली. हक्क मिळाला, पण तो कचेरीच्या दाराशी चपलांबरोबर काढून ठेवायचा, असाच याचा अर्थ संस्थाचालक लावतील, ही आमची भीती आहे.

गैरवापर खरोखर रोखायचा असेल तर प्रत्येकाला स्वतंत्र खाते द्या. प्रश्नपत्रिकांचा संगणक महाजालापासून तोडा, त्याची पेनड्राइव्हची खाच बंद करा. काय नोंदले जाते, ते कोण पाहतो, किती दिवस ठेवतो, हे मराठीत लिहून भिंतीवर लावा. थोडा खासगी वापर उघडपणे मान्य करा, आणि रात्री अकराचे काम कामाच्या तासांत धरा. हे नियम ठरवणाऱ्या समितीत शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा एक तरी प्रतिनिधी हवा. आमच्या पाहण्यातल्या अशा एकाही समितीत तो नव्हता.