माळ म्हणजे ओसाड नव्हे

सोलापूरची ओळख करून देताना आपण चादर, शेंगाची चटणी आणि सिद्धेश्वराचे तळे सांगतो. माळ सांगत नाही. उलट ‘आमच्याकडे काय, नुसता माळ!’ म्हणून मोकळे होतो. मला हे खटकते.

सह्याद्री ओलांडून येणारे ढग आपल्याला वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस देतात. तेवढ्यावर काळ्या जमिनीत शाळू पिकतो आणि मुरमाड माळावर गवत उगवते. त्या गवतावर धनगरांच्या मेंढ्या जगतात, काळविटे जगतात. त्यांच्यामागे लांडगाही येतो.

मध्य आफ्रिकेतल्या भल्याथोरल्या काँगोचे नाव घेतले की घनदाट अरण्यच डोळ्यांपुढे येते. पण त्याच देशातले गरांबा उद्यान मुख्यतः गवताळ आहे आणि १९८० साली ते जागतिक वारसा ठरले. आपल्या नान्नजचे माळढोक अभयारण्य तर त्याआधीचे, १९७९ चे! माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. त्याला दूरवर नजर पोहोचेल असे मोकळे रान लागते. आज साऱ्या देशात हे पक्षी दीडशेच्या आसपासच उरले आहेत.

आणि आपण? माळ दिसला की तो नांगरतो, नाहीतर पर्यावरणाच्या नावाने तिथे झाडे लावतो. झाडे जरूर लावावीत; बांधावर, रस्त्याकडेला, अंगणात. माळ मात्र माळच राहू द्यावा. पावसाळा सरताना मुलांना एकदा नान्नजकडे न्या आणि वाऱ्यावर डोलणारे गवत दाखवा. ‘ओसाड’ हा शब्द ती आपणहून विसरतील.