पोच घेतली का?

पर्यावरणाच्या चळवळीतली सगळ्यात मोलाची वस्तू कोणती, असं कुणी विचारलं तर मी आवक-जावकच्या टेबलावरच्या रबरी शिक्क्याकडे बोट दाखवीन. मोर्चे निघतात, फलक रंगवले जातात, झाडाला मिठी मारल्याचे फोटो छापून येतात. ते सगळं हवंच. पण आपल्या हरकतीच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट तो शिक्का पडला नसेल, तर सरकारदरबारी आपण तोंडच उघडलेलं नसतं. म्हणून या कामात मुरलेली माणसं भेटली की ख्यालीखुशालीच्या आधी विचारतात, “पोच घेतली का?”

मागच्या उन्हाळ्यात आमच्या रस्त्यावरच्या झाडांना नोटिसा लागल्या. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद, बुंध्याला सुतळीनं बांधलेला. त्यावर ‘रस्ता रुंदीकरणात बाधित वृक्ष’ असा मथळा आणि खाली तक्ता : अनुक्रमांक, झाडाचं नाव, बुंध्याचा घेर, अंदाजे वय. हरकत घ्यायला मुदत सात दिवस. नाक्यावरच्या वडाचं वय लावलं होतं 35. तो आकडा वाचून आमच्या इमारतीतल्या आजी जवळजवळ भांडायलाच उठल्या.

हा आकडा साधा नाही. शहरांतल्या झाडांसाठी आपल्याकडे 1975 चा कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरतं. शिवाय एक झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावणं आलं. म्हणजे तक्त्यात वय कमी पडलं की वारशाचा प्रश्न मिटतो आणि रोपंही कमी लागतात. कुणी मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. घाईत टेप लावली, अंदाजानं आकडा टाकला, एवढंच झालं असेल. पण तो आकडा चुकीचा आहे हे सांगणार कोण? फाइल हाताळणारा माणूस दर तीन वर्षांनी बदलतो, झाडाखालची आजी बदलत नाही.

आमच्या हरकतीवरच्या सुनावणीला आजी आल्या त्या कापडी पिशवीतून अल्बम घेऊन. “साहेब, हे माझं लग्न, 1968 चं. वरातीमागे दिसतोय तो हाच वड. तेव्हाच त्याच्या पारंब्या माझ्या डोक्याला लागत होत्या.” साहेबांनी चष्मा सारखा केला, फोटो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “आजी, याची झेरॉक्स अर्जाला जोडा.” आम्ही खाली जाऊन झेरॉक्स काढली, अर्जाला टाचली आणि वर येऊन पोच घेतली. शेजारच्या महाविद्यालयातल्या एका मुलीनं गुलमोहराच्या वाळक्या फांदीतली तांबटाची ढोली टिपली होती. पिल्लांना भरवणाऱ्या तांबटाचा फोटो तारखेसह तिनंही जोडला. नोटिशीच्या तक्त्यात पक्ष्यांसाठी रकानाच नव्हता.

निकाल काय लागला? वड राहिला, रस्त्यानं त्याला वळसा घातला. गुलमोहर गेले, पण पिल्लं उडून गेल्यावर. चळवळीच्या भाषेत याला विजय म्हणावं की नाही, यावर आमच्यात अजून वाद होतो. मात्र त्या कार्यालयाच्या फाइलमध्ये आता एक लग्नाचा फोटो आहे आणि वडाचं वय खोडून दुरुस्त केलेलं आहे.

‘जग तापतंय आणि तुम्ही नाक्यावरचा वड धरून बसलाय’ असं हिणवणारे भेटतातच. त्यांना मी मोल्याची गोष्ट सांगतो. गोव्यात भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातून तीन प्रकल्प एकदम आले : रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं रुंदीकरण आणि उच्च दाबाची वीजवाहिनी. दुसऱ्या रुळाचा संबंध मुरगाव बंदरातून कर्नाटकाकडे जाणाऱ्या कोळशाशी आहे, हे रुळाकाठच्या गावांना कुणी शिकवावं लागलं नाही. कोळशाची धूळ त्यांच्या घरात येत होती. म्हणजे सह्याद्रीचं जंगल आणि हवामान बिघडवणारा कोळसा, दोन्ही प्रश्न एकाच रुळावरून आले. 1 नोव्हेंबर 2020 च्या रात्री चांदर गावात हजारो माणसं रेल्वेमार्गापाशी जमली आणि रात्रभर ठाण मांडून बसली. त्याच काळात विद्यार्थी, चित्रकार, वनस्पतींचे अभ्यासक जंगलातल्या नोंदी गोळा करून पत्रं धाडत होते. गोवा फाउंडेशन या संस्थेनं सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीकडे दाद मागितली. एप्रिल 2021 मध्ये समितीनं दुपदरीकरणाविरुद्ध मत दिलं आणि मे 2022 मध्ये न्यायालयानं त्या मार्गाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. रेल्वेला पुन्हा अभ्यास करून अर्ज करण्याची मुभा आहे, म्हणजे दार कायमचं बंद झालेलं नाही. पण चांदरच्या रात्रीनं जो आवाज उठवला, त्याला कागदांनी पाय दिले.

कागद असूनही हरता येतं, हेही सांगायला हवं. 2019 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात 33 कोटी वृक्षलागवडीची मोहीम जोरात होती. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयानं मेट्रोच्या कारशेडसाठी आरे वसाहतीतली झाडं तोडण्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि रात्रीच करवती चालू झाल्या. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयानं 7 तारखेला तोड थांबवली, तोवर दोन हजारांवर झाडं आडवी झाली होती. त्या कारशेडमधून आज मेट्रो धावते. मात्र इतक्या वर्षांच्या रेट्यामुळेच 2020 मध्ये आरेतली सुमारे 800 एकर जमीन राखीव वन म्हणून राखायचं राज्य सरकारनं जाहीर केलं. आरेवर नुसत्या घोषणा झाल्या असत्या आणि हरकतींचे, याचिकांचे गठ्ठे नसते, तर तेवढंही पदरात पडलं नसतं.

आणि ज्यांना वाटतं की सामान्यांचं कोण ऐकतं, त्यांनी 2020 आठवावं. पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेचा नवा मसुदा ऐन टाळेबंदीत आला. एका नागरिकाच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयानं हरकतींची मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवली आणि आठव्या अनुसूचीतल्या भाषांत मसुदा द्यायला सांगितलं. हरकती लाखांनी आल्या.

हवामान बदल आपल्या दारात येतो तो जागतिक परिषदेच्या ठरावासारखा नव्हे. तो येतो गट क्रमांक, झाडांची संख्या, जनसुनावणीची तारीख असा. आणि त्याच रूपात त्याला अडवताही येतं. त्यासाठी विद्वान असावं लागत नाही. ओढा पूर्वी कुठून वाहायचा, विहिरीला कुठवर पाणी असायचं, वडाच्या पारंब्या कधी डोक्याला लागत होत्या, हे ज्याला ठाऊक आहे त्यानं ते मुदतीत लिहून द्यावं लागतं.

तुम्ही हे सदर ज्या वर्तमानपत्रात वाचताय, त्याच्याच आतल्या पानांत कुठेतरी बारीक टायपात एखादी ‘जाहीर नोटीस’ असते. वेळ कमी असेल तर पुढच्या आठवड्यात माझं सदर सोडा, पण ती वाचा. आणि हरकत दिलीत तर दोन प्रती न्या.